डावा दिवा विझला की थांबायचं

३ मार्च

ती. मामांना नमस्कार.

मी खुशाल आहे, जीप नाही.

काल तिला तपासणीला नेलं होतं. इथले निरीक्षक तुम्ही पाहिलेले नाहीत. सडपातळ, कडक इस्त्रीचे, आणि प्रत्येक वाक्य संपलं की पेनाला टोपण लावणारे. मला त्यांनी आत बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले.

"दिवे लावा." लावले.

"ब्रेक दाबा." दाबला.

"बाई, ब्रेक दाबला की तुमचा डावा दिवा विझतो."

"हो," मी म्हटलं.

"हो काय? तो जास्त पेटायला हवा."

मग इंडिकेटर. उजवा दिला की उजवा दिवा सावकाश, ठळक लुकलुकतो. इथवर ठीक. पण डावा दिला तरी उजवाच लुकलुकतो, फक्त मंद आणि घाईघाईनं, जणू कुणी पाठीमागे लागलंय. निरीक्षकांनी वाकून त्या दिव्याला कान लावला. का लावला ते विचारायचं धाडस मला झालं नाही. कागदावर त्यांनी लिहिलं, "मागील दिवे : आहेत, परंतु ऐकत नाहीत." टोपण लावलं.

सहा एप्रिलला फेरतपासणी आहे. तेव्हाही दिवे बिघडलेले निघाले तर जीपची नोंदणी रद्द. आणि जीप गेली की माझी डोंगरातली फेरी बंद. आमच्या जनावरांच्या दवाखान्याकडे तेवढा चढ चढणारी दुसरी गाडी नाही. मला मुख्य कचेरीत शिक्के मारायला बसवणार म्हणे. वर साडेतीनशे गायी आहेत, मेंढ्या तर त्यांच्या मालकांनाही मोजता येत नाहीत, आणि मी शिक्के मारू?

इथल्या गॅरेजात दोघे भाऊ आहेत. थोरल्यानं मागची पट्टी खोलली, तारांचा जुडगा बाहेर ओढला, सगळ्या जोडण्या सुट्या केल्या आणि धाकट्याला हाक मारली. धाकटा आला, त्यानं पाहिलं आणि चहा प्यायला गेला. तो अजून आलेला नाही. थोरला म्हणतो, "ज्यानं हे जोडलं त्यालाच विचारा." हे जोडलंत तुम्ही, एकोणीस वर्षांपूर्वी. आता सगळ्या तारा धुळीच्या रंगाच्या झाल्यात. कुठली कुठे जाते ते कृपा करून चित्र काढून कळवा.

फोन करणार होते. पण मागच्या वेळी "मला बढती मिळाली" असं सांगितलं तर तुम्ही "मग वाफ घे" म्हणालात.

तुमची,
भाची


९ मार्च

चि. भाचीला आशीर्वाद.

बढती मिळाल्याचं आत्ता कळलं. अभिनंदन. मला "पडसं झालं" असं ऐकू आलं होतं.

आता नीट वाच. तारांचे रंग बघायचेच नाहीत. रंग बघून वायरिंग करणारे ते शिकाऊ. रंग उडतात, मळतात, कंपनीवाले बदलतात. प्रत्येक तारेच्या टोकाजवळची चिकटपट्टी सोड. आत मेणाचा दोरा गुंडाळलेला सापडेल, त्याला गाठी आहेत. एक गाठ म्हणजे टेल, रात्री सतत जळतो तो. दोन गाठी ब्रेक. तीन गाठी डावा इंडिकेटर, चार गाठी उजवा. आंधळ्यालाही जमेल.

तुझ्या जीपला मुळात लष्करी दिवे होते. बारीक फटींचे. लांबून बघितलं तर एकच ठिपका दिसायचा, जवळ गेलं की दोन, अगदी जवळ गेलं की चार. मागच्या ड्रायव्हरनं ठिपके मोजायचे आणि अंतर ओळखायचं. इतके हुशारीचे दिवे मी पुन्हा पाहिले नाहीत. नियमात बसेनात म्हणून काढले आणि हे गोल दिवे बसवले. काढताना वाईट वाटलं होतं.

आता तुझा रोग. मी न बघता सांगतो, डाव्या दिव्याचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, गेलाय. अगं, दिव्यापर्यंत वीज पोचवणं सोपं असतं, तिला परत आणणं अवघड. ती परत येते गाडीच्या पत्र्यातून. दिव्याचं बूड पत्र्याला टेकलेलं नसेल तर तिची परतीची वाट बंद होते. मग ती काय करते? शेजारच्या घरातून बाहेर पडते. डाव्याची वीज उजव्या दिव्यातून निसटते, म्हणून उजवा लुकलुकतो. आणि ब्रेक दाबलास की डाव्या बल्बच्या दोन्ही तारांमध्ये दोन्हीकडून वीज येऊन समोरासमोर उभी राहते. जायला वाट कुणालाच नाही. दिवा विझतो.

तर डावा दिवा खोल, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घास आणि दिवा घट्ट आवळ.

एक विचारतो. जीपला रंग कोणी दिला? तुझी आई म्हणत होती, गाडी नव्यासारखी दिसते.

तुझा,
मामा


१७ मार्च

ती. मामांना नमस्कार.

रंग पेंटरनं दिला.

गाठी सापडल्या! एक, दोन, तीन, चार, सगळ्या जागच्या जागी. गॅरेजवाला थोरला भाऊ डोळे मिटून बोटांनी मोजत बसला होता. म्हणाला, "हा माणूस कोण आहे?" मी म्हटलं, माझा मामा. डाव्या दिव्याखालचा पत्रा घासला आणि दिवे असे लागले की बघत राहावं. ब्रेक दाबला की दोन्ही ठळक. डावीकडे म्हणजे डावा, उजवीकडे म्हणजे उजवा.

दुसऱ्याच दिवशी दुधाच्या ट्रकनं मला मागून ठोकलं.

मला काही झालं नाही. जीपला पोचा आला आणि मागच्या दोन्ही दिव्यांच्या काचांचा चुरा झाला. ट्रकवाला खाली उतरला तो रडायच्या बेतात. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, कुणाला खरचटलं नाही म्हणाला.

"मग ब्रेक का नाही मारलात?"

"तुमचा डावा दिवा विझला की थांबायचं, एवढं मला ठाऊक. तो विझला तर नाहीच, उलट आणखी पेटला. मला वाटलं, बाई आज जोरात निघाल्या!"

मामा, तीन वर्षं माझे दिवे असेच होते आणि अख्ख्या रस्त्यानं ते पाठ केले होते. मला पत्ता नाही. वळणावर एक फळा आहे, मी रोज त्याच्या पुढून जाते आणि कधी वाचला नव्हता. आमच्या हवालदारांनी लावलाय. "पुढे डॉक्टरबाईंची जीप असल्यास : डावा विझला – थांबा. उजवा घाईत – डावीकडे वळणार. उजवा निवांत – उजवीकडे वळणार." खाली शिक्का.

परवा दवाखान्यात पाच जण आले. ट्रकवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पोस्टमन, वरच्या कुरणावरची मेंढ्यावाली आणि हवालदार. दिवे पहिल्यासारखे करा म्हणून विनंती.

"अहो, पण आधी ते चुकीचे होते," मी म्हटलं.

"असतील," हवालदार म्हणाले. "पण आमचे बरोबर बसले होते."

त्यांना कसंबसं परत पाठवलं. तपासणीला वीस दिवस राहिलेत आणि काचा मिळत नाहीत. या मापाच्या काचा बंद होऊन जमाना झाला, असं तिन्ही दुकानांत सांगितलं. तुमच्या कपाटात असतील का? लाल, गोल, तीन स्क्रूच्या.

भाची


२२ मार्च

चि. भाचीला आशीर्वाद.

असतील का म्हणून काय विचारतेस! सोबतच्या पार्सलात दोन आहेत. नव्या कोऱ्या, अस्सल लाल. वीस वर्षं मऊ कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. अनेकांनी मागितल्या, दिल्या नाहीत. कडेला बोट फिरवून बघ, एक बारीक खाच लागेल. ती वरच्या बाजूला ठेवायची म्हणजे पाणी शिरणार नाही.

बल्ब घालताना लक्ष दे. त्याच्या बुडाच्या दोन खुंट्या एका पातळीत नसतात, एक वर, एक खाली. उलटा दाबून बसवलास तर टेल ब्रेकसारखा भगभगेल आणि ब्रेक टेलसारखा मिणमिणेल, आणि तुझ्या हवालदाराला नवीन फळा लिहावा लागेल.

लोकांच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नकोस. दिवा बरोबर असला की माणसं आपोआप सुधारतात. माझ्या हातून गेलेल्या एकाही गाडीचा दिवा आजवर चुकीचा लागलेला नाही. हे मी गर्वानं नाही, हिशेबानं सांगतो.

मामा


२८ मार्च

ती. मामांना नमस्कार.

काचा मिळाल्या. चपखल बसल्या. खाच वर ठेवली आहे. रंगाबद्दल तर काय बोलावं! तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

भाची


२८ मार्च

ती. मामी,

हे पत्र मामांना दाखवू नकोस.

काचा हिरव्या आहेत. दोन्ही. पोपटासारख्या. आधी वाटलं, पार्सलाची अदलाबदल झाली. मग वाटलं, मामांनी गंमत केली. मग त्यांचं पत्र पुन्हा वाचलं. "अस्सल लाल." मामी, मामा असल्या गोष्टीत गंमत करत नाहीत. रंग बघायचेच नाहीत, असं ते का लिहितात ते मला तेव्हा कळलं.

काचेवर लाल पारदर्शक कागद चिकटवून पाहिला. हिरव्यावर लाल लावलं की दिवा लागतो पण दिसत नाही. नुसता काळोख. लाल रंग फासून पाहिला, तर शेणाच्या रंगाची झाली. घासून पुन्हा हिरवी केली.

त्यांना खोटं लिहिलंय. तुला हे ठाऊक आहे का? नसेल तर मी तुला सांगायला नको होतं. आणि असेल तर मी काय करू, ते सांग.

तुझी भाची


३१ मार्च

चि. भाचीला आशीर्वाद.

ठाऊक आहे. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात कळलं. हे टोमॅटो निवडायला बसले होते, कच्चे आणि पिकलेले एकाच टोपलीत टाकत होते आणि मोठ्या तोऱ्यात. मी काही बोलले नाही. नवी सून, काय बोलणार! नंतर बोलायची वेळ निघून गेली.

दुकानात सकाळी मी आधी जायची. तारांची भेंडोळी वेगळी करायची आणि प्रत्येकीला मेणाच्या दोऱ्यानं गाठी मारून ठेवायची. लाल एक, हिरवी दोन, असं. ह्यांनी विचारलं, कशाला? म्हटलं, गुंता होऊ नये म्हणून. "बरं," म्हणाले. तेव्हापासून ती ह्यांची पद्धत झाली. होऊ दे. मला आनंदच होता. ह्यांना वाटतं, मला काही ठाऊक नाही. ते तसंच राहायला हवं.

पार्सल मीच शिवलं. काचा बघितल्या, हिरव्या. कुठल्यातरी भंगारातल्या बोटीच्या असतील. घरात लाल नव्हत्या आणि हे शेजारी उभे राहून "नीट शीव, अस्सल माल आहे" म्हणत होते. सांग, काय केलं असतंस?

आता खरी अडचण. तुझं "रंगाबद्दल काय बोलावं" वाचून हे इतके खूश झाले की तुझ्या तपासणीला स्वतः यायचं म्हणतात. पाच तारखेच्या बसचं तिकीट काढून आणलंय. मी पाय दुखतोय म्हटलं, तर म्हणाले, "तू राहा, मी जातो." म्हणून हे पत्र आधी पोचेल अशा बेतानं टाकतेय.

सांभाळून घे ग. माणूस हळवा आहे, दाखवत नाही.

तुझी मामी


७ एप्रिल

ती. मामी,

मामा सुखरूप आहेत. झालं ते सगळं लिहिते, काही लपवत नाही. लपवायला आता काही उरलेलंही नाही.

बसमधून उतरले ते सरळ जीपच्या मागे गेले. चहा नाही, पाणी नाही. काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला, खाच लागली, "माझ्याच," म्हणाले. म्हणून हिरव्याच ठेवाव्या लागल्या. बेत असा होता की कार्यालयात आधी मी एकटीनं आत जायचं, निरीक्षकांना बाजूला घ्यायचं आणि थोडी मुदत मागायची. पण मामा माझ्या आधी उतरले, निरीक्षकांचा हात धरून त्यांना मागे घेऊन गेले आणि मला ओरडले, "दाब ब्रेक!"

मी दाबला. दुसरं काय करणार?

निरीक्षकांनी पाहिलं. पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"हा रंग कोणता?"

"अस्सल," मामा म्हणाले.

"मागे हिरवा दिवा? म्हणजे मागच्याला काय सांगायचंय? या, धडका?"

मी धावत मागे आले. मामांच्या कानात काही नीट शिरलं नव्हतं. मला विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "छान आहे म्हणतात." निरीक्षक म्हणाले, ही खात्याची थट्टा आहे, गाडी जप्त होईल. मी म्हटलं, साहेब, माझी चूक, मला हा रंग आवडतो म्हणून मी लावला. त्यांनी जप्तीचा कागद काढला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, हिरवा! हिरवा आवडतो म्हणून मागे हिरवा!"

तो शब्द मामांना ऐकू आला.

"कोणती काच हिरवी?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," निरीक्षक म्हणाले.

मामी, ते काचेकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे. मग ते नीट ताठ झाले आणि म्हणाले, "साहेब, हिनं काही केलं नाही. काचा मी पाठवल्या. मला लाल आणि हिरवं एकसारखंच दिसतं. जन्मापासून."

"आणि आपण करता काय?" निरीक्षकांनी तेवढ्याच मोठ्यानं विचारलं.

"गाड्यांची वायरिंग. अडतीस वर्षं केली."

"किती गाड्या?"

दुसरा कुणी असता तर "थोड्याफार" म्हणाला असता. मामा म्हणाले, "अकराशे बेचाळीस."

निरीक्षकांच्या हातून टोपण पडलं आणि जीपखाली गेलं. ते काढायला ते स्वतः वाकले, आणि वाकलेलेच असताना विचारलं, "मग करत कसे होतात?"

"तारांना गाठी असायच्या."

"कोण मारायचं?"

"बायको. गुंता होऊ नये म्हणून मारते म्हणायची." मामांनी काचेच्या खाचेवरून अंगठा फिरवला. "गुंता होऊ नये म्हणून गाठ मारणारं कुणी असतं का, साहेब? पण मी कधी विचारलं नाही. तिला वाटतं, मला कळलेलं नाही. आपणही तिला सांगू नका."

निरीक्षकांनी हो म्हटलं. मी हो म्हटलेलं नाही, म्हणून तुला लिहितेय.

आवारात एक जप्त केलेली जीप गंजत पडलीये. तिच्या दोन लाल काचा निरीक्षकांनी स्वतः काढून दिल्या, त्याची पावती दिली, आणि माझी जीप पास केली. मग दुसरा कागद घेतला. मामांनी वायरिंग केलेल्या अकराशे बेचाळीसही गाड्या पुन्हा तपासायच्या, मूळ वायरमनच्या समक्ष. कागद तुमच्या गावच्या कार्यालयाला गेलाय.

मामा जेवले थोडंसं. म्हणाले, "चुकीच्या निघाल्या तर?" मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. आठवडाभर इथे राहून चौदा तारखेच्या बसनं येताहेत, त्याआधी हे पत्र पोचेल. तू दार उघडशील तेव्हा काय बोलायचं ते तुझं तू ठरव.

भाची


१४ ऑगस्ट

चि. भाचीला आशीर्वाद.

चार महिने पत्र नाही, रागावू नकोस. सवड नव्हती. एप्रिलच्या शेवटापासून आमच्या गल्लीत गाड्या उभ्या आहेत.

अशी व्यवस्था होती. कार्यालयाचा एक कारकून वही घेऊन ओट्यावर. मी गाडीत, ब्रेकवर पाय. मागे घडीच्या खुर्चीवर तुझी मामी. कारकुनाला रंग सांगायचं काम तिचं, ती ओरडते, "लाल!" मला ऐकू येत नाही. म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंनी पत्र्याचा डबा वाजवायचा. एकदा वाजला की बरोबर, दोनदा वाजला की चूक. पहिल्या दिवशी मी ब्रेक दाबला. डबा एकदा वाजला. मी दुसरा ऐकायला थांबलो, इतका थांबलो की मामीनं पुढे येऊन खिडकीवर टकटक केली. म्हणाली, "उतरा आता, पुढची आणू दे."

ट्रक आले, बसगाड्या आल्या, आगीचा बंब आला. घंटा वाजवतच आला, ड्रायव्हरला सवय. एक गाडी येऊ शकत नव्हती म्हणून आम्हीच गेलो. तिचं खुराडं झालंय. चाकं नाहीत, बॅटरी नाही, सीटवर कोंबड्या. कारकून म्हणाला, सोडा. मी म्हटलं, यादीत आहे. आमची बॅटरी जोडली, एका कोंबडीला उचलून ब्रेक दाबला आणि मागचे दोन्ही दिवे लागले. लाल. मालकिणीनं सांगितलं, त्या दिवशी अंडी कमी मिळाली, त्याचीही वहीत नोंद झाली.

डबा दोनदा वाजला असं फक्त एकदाच झालं, तेही डब्यात मांजर शिरल्यामुळे.

परवा निकाल लागला. अकराशे बेचाळीसपैकी भंगारात गेलेल्या सहाशे अठरा. तपासलेल्या पाचशे चोवीस. त्यातल्या बरोबर पाचशे तेवीस. सदोष एक. ती तुझी जीप, मार्चमधली तपासणी धरून. मी सही केली. वायरिंग माझी होती.

कारकुनाला निरोप देताना मामीचे डोळे भरून आले. तिला तो खूप आवडायला लागला होता. रोज तिचं ऐकून लिहून घेणारा माणूस घरात पहिल्यांदाच आला, असं म्हणाली.

मामा


२३ ऑगस्ट

ती. मामांना नमस्कार.

रंग पेंटरनं दिला नव्हता. मी दिला होता.

तीन वर्षांपूर्वी, दोन सुट्ट्यांत. दिवे काढले, खालचा पत्रा रंगवला, वाळला की पुन्हा एक हात, मग आणखी एक. चांगला जाड. त्याच्यावर दिवा आवळला आणि तुमच्या विजेची परतीची वाट मीच बुजवली. तुम्ही मार्चमध्ये विचारलंत तेव्हा लाज वाटली. एक ओळ खोटी लिहिली आणि तुम्ही माझ्या चुकीवर सही करून बसलात.

काल निरीक्षकांकडे गेले. म्हटलं, दोष वायरमनचा नाही, माझा आहे, नोंद बदला. त्यांनी फॉर्म उघडला. दोष कोणाचा : वाहन, चालक, कारागीर. "तुम्ही तेव्हा चालवत नव्हतात, रंगवत होतात," म्हणाले. "रंगवणाऱ्या भाचीचा रकाना नाही." मग पट्टी घेऊन रेघ मारली आणि नवीन रकाना केला. आता कागद असा आहे : सदोष वाहने, शून्य. भाची, एक. शिक्का मारून प्रत दिली, ती सोबत आहे. तुमच्या सहीवर काट मारली आहे, त्याखाली माझी आहे.

इथे लोक सुधारले. हवालदारांनी फळा पुसला, एक दिवस मला वळणावर पंचवीस वेळा ब्रेक दाबायला लावला आणि सगळ्यांना मागे उभं करून दाखवलं. ट्रकवाला मात्र अजून माझ्यामागे आला की थांबतो, उतरतो, चालत पुढे येतो आणि विचारतो, "बाई, कुठे वळणार?"

माफ कराल ना?

भाची


५ सप्टेंबर

चि. भाचीला आशीर्वाद.

माफ कसलं! मला एप्रिलमध्येच कळलं होतं. काचेवरून अंगठा फिरवला तेव्हा स्क्रूच्या खाचेतही रंग भरलेला लागला. पेंटर एवढा रंग वाया घालवत नाही. तू आपणहून सांगशील का, ते बघत होतो. प्रत मिळाली. मामीनं ती काचेच्या कपाटात लावलीय.

आता इकडचं. एप्रिलमध्ये घरी परत आलो तेव्हा तिनं दार उघडलं. तू लिहिलेलं तिनं वाचलं होतं, आणि तिनं वाचलंय हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. "बस वेळेवर आली का?" एवढंच विचारलं. मग गाड्या सुरू झाल्या आणि तो विषय मागे पडला. गाड्या संपल्यावर घर एकदम शांत झालं. मग एका दुपारी मी म्हटलं, "चल, मला दाखव."

घरभर हिंडलो. ती एकेक वस्तू दाखवायची आणि रंग सांगायची. पडदा. कपबशा. माझा स्वेटर. त्याची एक बाही दुसऱ्या लोकरीची आहे, तुला ठाऊक होतं? सगळ्यांना होतं म्हणे. असं करत बाहेरच्या दारापाशी आलो. ते दार मी रंगवलेलं आहे, अकरा वर्षांपूर्वी, एकट्यानं. अर्ध्यावर डबा संपला, दुसरा आणला. ती दाराकडे बघत उभी राहिली आणि तोंडाला पदर लावला.

"काय झालं?"

"वरचं अर्धं हिरवं आहे," म्हणाली, "आणि खालचं लाल."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिडीवरून उतरलात आणि इतके खूश होतात," ती म्हणाली. "आणि मग गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवावं लागलं, कुणी काही बोलायचं नाही म्हणून. ते जास्त कामाचं होतं."

मी तिथेच पायरीवर बसलो. तीही बसली. शिंपीणबाई बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि आत गेल्या. इतक्या वर्षांची सवय.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात दोघं गेलो. डबा तिनं निवडला. दार मी रंगवलं, वरपासून खालपर्यंत, एकाच डब्यातून, आणि ती शिडी धरून उभी होती. झाल्यावर विचारलं, "कोणता आहे?" तर म्हणते, "ओळखा." मी एक रंग सांगितला. ती इतकी हसली की तिला शिडीला धरून उभं राहावं लागलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी एक रंग सांगतो आणि ती नाही म्हणते. आज नववा दिवस. मला माहीत असलेले रंग संपत आलेत, आता मी तुझ्या मामीकडून नवीन शिकतो आणि तेच तिला सांगतो. तू सुट्टीत ये. दार तुला दिसेलच. पण बोलू नकोस.

तुझा,
मामा